एकाच नावाचे दोन वारे

मी एक जुना चल आहे. बीजगणितात तुम्हाला 'क्ष' भेटतो ना, त्याच्याच कुळातला. माझ्या पोटात एक आकडा राही आणि तो सारखा बदलत असे. माझे नाव वेंतो. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ वारा.

मित्रांनो, माझा जन्म रिओमधल्या एका टेकडीवरच्या रोपवेच्या संगणकात झाला. टेकडीवरची माणसे बाजारहाट करून रोपवेच्या दोराला लटकणाऱ्या पाळण्यांतून घरी जात. मला घडवले दोना क्लेओनिस यांनी; दोना म्हणजे बाई. त्या 'सी' या संगणकाच्या भाषेत लिहीत. मनोऱ्यावरचे यंत्र वारा मोजी आणि सी तो आकडा माझ्यात भरी. मात्र वारा वाढला की पाळणे किती सावकाश न्यायचे, याचे नियम एवांद्रो या तरुण अभियंत्याने 'लुआ' या दुसऱ्या भाषेत लिहिले होते. सीच्या पोटातच लुआचा दुभाषा बसलेला असे. मध्ये होती एक चळत, म्हणजे आकडे एकावर एक ठेवायची जागा. सी तिच्यावर आकडा ठेवी, दुभाषा तो उचलून लुआच्या दालनात माझ्या नावावर मांडी. असा मी दोन्ही भाषांचा होतो. "वेंतो कधी दगा देत नाही," असे दोना क्लेओनिस कौतुकाने म्हणत.

एका सकाळी एवांद्रोला नियम जलद चालवायचे होते. त्याने पहिल्याच ओळीत माझ्याच नावाचा एक नवा चल केला आणि माझा आकडा त्यात एकदाच उतरवून घेतला. त्यानंतर नियम आणि वाऱ्याचा आकडा दाखवणारा पडदा फक्त त्या नव्या चलाकडे पाहू लागले. त्याच्यात सकाळची मंद झुळूक होती, आणि ती बदलणारच नव्हती. दोना क्लेओनिसना त्याने विचारलेही नाही.

दुपारी समुद्राकडून वारा उठला. माझा आकडा चढत गेला, पण मला वाचणारे कोणी उरले नव्हते. पाळणे भरधाव धावतच होते.

"एवांद्रो, दोर कसा घुमतोय ऐक! आणि तुझा पडदा म्हणतो झुळूक आहे?"

"पडदा बरोबर आहे, दोना. तुमचं मनोऱ्यावरचं यंत्रच गंजलं असेल."

"माझ्या यंत्राला नावं ठेवू नकोस हं!"

इतक्यात एवांद्रोचा फोन वाजला. त्याची आई झुल्मिरा पाळण्यात होती. "अरे, काय चाललंय तुमचं? मी इथे झोके खातेय! सगळा घेवडा सांडला माझा!"

"आई, खाली बस! दांडी घट्ट धर!" एवांद्रोचा हात लाल बटणाकडे गेला. दोना क्लेओनिसनी त्याचे मनगट पकडले.

"एकदम थांबवलंस तर पाळणा खांबावर आपटेल. हळूहळूच आणायला हवा, आणि ते तुझ्या नियमांनाच जमतं. सकाळी काय बदललंस?"

एवांद्रोने नियमांची पहिली ओळ उघडली. "वेंतो... त्याची प्रत करून घेतली. एकदाच."

"अरे देवा! पूस ती ओळ. सी चालू राहू दे, फक्त नियम पुन्हा वाचायला लाव."

एवांद्रोने ती ओळ पुसली. नियम पुन्हा वाचले जाऊ लागले. माझ्या जागी काहीच सापडले नाही तर? माझा जीव टांगणीला लागला. मग सीने चळतीवर आकडा ठेवला, दुभाष्याने उचलला आणि नियमांनी मला पाहिले. पाळण्यांचा वेग उतरू लागला. एकेक पाळणा डुलत, कुरकुरत वर आमच्या स्थानकात आला.

झुल्मिरा पाळण्यातून बाहेर आली. "बघतोस काय नुसता? घेवडा वेच आधी!" असे म्हणाली, आणि बाकावर बसून रडू लागली. एवांद्रोने तिच्या मांडीत डोके खुपसले.

"वेंतो दोघांचा आहे, हे मीही कुठे लिहून ठेवलं नव्हतं रे," दोना क्लेओनिस हळूच म्हणाल्या.

आता तिथे नवा संगणक आहे. मी कपाटातल्या एका जुन्या तबकडीत पडून आहे. मला कोणी वाचत नाही. माझी तक्रारही नाही. एक विनंती मात्र आहे. मित्रांनो, जे दोघांचे आहे, ते एकट्याने बदलू नका. आधी शेजारच्याला हाक मारा. अशा दोघांच्या गोष्टीच्या भरवशावर कोणीतरी दोराला लटकत घरी निघालेले असते.