'डी'वर रुसलेला गिअरबॉक्स

मी गिअरबॉक्स बोलतोय. साधासुधा नव्हे, ऑटोमॅटिक! गिअर कधी बदलायचा ते मी ठरवतो. चालवणाऱ्याने फक्त दांडा 'डी'वर ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं माणसांना किती जड जातं, ते मी जन्मभर पाहत आलोय.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि लगेच मला इंजिनाच्या शेजारी बसवलं. इंजिनाचा आवाज मोठा, म्हणून कौतुक सगळं त्याचं. मी बिघडल्याशिवाय माझं नाव कोणी घेत नाही. माझे पहिले मालक सुरतचे कापड व्यापारी होते. माणूस मोठा कंजूष, पण माझं तेल मात्र वेळच्या वेळी बदलायचा. त्यांच्या मुलाला मोठी गाडी हवी झाली आणि आमची रवानगी शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीला झाली.

तिथे आम्हाला हेमकांतभाऊंनी आणलं. केळी आणि ऊस पिकवणारे शेतकरी. गाडी आणली ती मीनाबाईंसाठी, त्यांच्या पत्नीसाठी. मीनाबाईंचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने लुळा झालेला. क्लच दाबणं त्यांना जमणारं नव्हतं आणि माझ्या गाडीला क्लचचं पायडलच नाही. म्हणजे आमची जोडी वरूनच जुळून आली होती म्हणा ना!

त्याआधी मीनाबाईंना कुठेही जायचं तर ओट्यावर बसून वाट बघावी लागायची. कोणाची मोटारसायकल रिकामी आहे, कोण शहाद्याला निघालंय, कोणाला दया येतेय. कोरीटला माहेरी जायचं तरी दहा जणांना विचारायचं. मी आलो आणि त्या कोणाला विचारेनाशा झाल्या. पहिल्यांदा एकट्या तापीच्या पुलावर गेल्या तेव्हा बाई मोठ्याने गात होत्या. सूर अगदीच बेताचा होता, पण मला फार बरं वाटलं.

एकच अडचण होती. गावाच्या पारावर वडीलधारी मंडळी बसलेली असायची आणि त्यांच्यासमोरून सुनांनी पदर ओढून, मान खाली घालून जायचं, अशी तिथली रीत. मान खाली घालून गाडी कशी चालवणार? मग मीनाबाई डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि पारापुढून गाडी अशी हळू काढायच्या, की पहिला ठेवू की दुसरा टाकू, हेच मला कळायचं नाही. तेवढ्या वेळात आप्पा, तात्या, बापू सगळे गाडीत कोण कोण बसलंय ते मोजून घ्यायचे.

हेमकांतभाऊ कधी चालवायला बसले की मात्र माझी धडगत नसायची. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, ब्रेकवर पडायचा आणि गाडीतल्या सगळ्यांची नाकं समोर आपटायची. वर पुन्हा म्हणायचे, "हाई गाडी लई भडकस!" गाडी पुरती थांबायच्या आत मागे नेणाऱ्या 'आर'वरून पुढे नेणाऱ्या 'डी'वर यायचे. माझे दात कराकरा वाजायचे, ते यांना रस्त्याचे खड्डे वाटायचे.

एकदा माझं तेल कमी झालं, तर त्यांनी ट्रॅक्टरच्या डब्यातलं ओतलं. मीनाबाईंनी विचारलंही, "हाई चाली का याले?"

"ट्रॅक्टर त्याच तेलवर ऊसनी ट्रॉली वढस. हाई इवलीशी गाडी नही वढाव का?"

वांग्याच्या भाजीत एरंडेल घातल्यासारखी माझी गत झाली. तेही मी पचवलं. पण एके दिवशी शहाद्याच्या बाजारात गाडीची बॅटरी उतरली. पोरांनी धक्का मारून पाहिला. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नसते, हे त्यांना कोण सांगणार? सगळे घामाघूम झाले तेव्हा हेमकांतभाऊंनी कपाळावर हात मारला. "आपला ट्रॅक्टर शे ना! दोर बांधा, व्हयी जाई काम."

आमच्या भागात ट्रॅक्टरने काय ओढत नाहीत? ट्रक, लग्नाची बस, चिखलात रुतलेला दुसरा ट्रॅक्टर. पण माझं तेल इंजिन चालू असेल तरच फिरतं. इंजिन बंद, चाकं गरगर फिरतायत आणि मी आत कोरडा! शहाद्यापासून ब्राह्मणपुरीपर्यंत मी जळत आलो आणि हेमकांतभाऊ ट्रॅक्टरवरून मागे वळून हसत होते. त्या दिवशी मला त्यांचा खरंच राग आला.

तेव्हापासून 'डी' लावला की मी आधी विचार करायचो, मग एक गचका द्यायचो, मग निघायचो. पुढे पुढे गचकाही देईना. शेवटी 'डी' लावला तर इंजिन नुसतंच ओरडायचं. 'आर' मात्र ठणठणीत! शहाद्याच्या गुलाबसिंग मेस्त्रीने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि हात झटकले. "भाऊ, हाई गिअरनी पेटी मी नही उघडाव. मांगे जाई, पुढे काही जावाव नही."

हेमकांतभाऊंनी घरी येऊन जाहीर केलं, "इकी टाकू हाई धोंड. क्लचनी नवी गाडी लेसूत. तुले जठे जानं व्हयी तठे मी लई जासू ना!"

"तुमले टाईम भेटी तव्हय ना," मीनाबाई एवढंच म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या. तीच ती जुनी जागा. मला फार वाईट वाटलं.

जुन्या गाड्या घेणारा छगन सौदा करायला आला, तेव्हा हेमकांतभाऊ केळीच्या मळ्यात होते. तो तिकडेच गेला. इकडे मीनाबाई गाडीत येऊन बसल्या. 'डी' लावला. मी जीव तोडून प्रयत्न केला, शपथेवर सांगतो, पण चाक हललं नाही. त्या थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसल्या. मग एकदम हसल्या आणि दांडा 'आर'वर घेतला.

आणि निघालो आम्ही उलटे! कोंबड्या पळाल्या, कुत्री भुंकली, गल्लीतल्या बायका दारात आल्या. पारापाशी आलो तर मीनाबाईंची मान मागे वळलेली, पदर खांद्यावर घसरलेला आणि नजर थेट मंडळींवर. त्याशिवाय दिसणार कसं?

जगदीशआप्पा उठून ओरडले, "व सूनबाई, गाडी उलटी जाई ऱ्हायनी!"

"माहीत शे, आप्पा! खुर्ची सरकाडा!"

आप्पांनी सरकवली. त्या दिवशी पारापुढून मी अजिबात हळू गेलो नाही.

मळ्याच्या बांधाशी गाडी थांबली. हेमकांतभाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिले. मीनाबाई खाली उतरल्या नाहीत. काचेतूनच म्हणाल्या, "हाई इकी टाकशात, मंग क्लच मी कोना पायघाई दाबू?"

हेमकांतभाऊंनी त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग छगनला विचारलं, "तुन्हाकडे असीच एक गाडी ठोकायेल पडेल शे ना?"

"शे. पन मांगतीन ठोकायेल शे. पुढलं समदं साजरं शे."

"मंग तिनी पेटी काढी लई ये. गाडी इकनी नही."

मी जिंकलो म्हणून आतल्या आत नाचत होतो. मग लक्षात आलं, की नवी पेटी बसवायची तर जुनी काढावी लागते. जुनी म्हणजे मी.

सध्या मी गोठ्याशेजारच्या पडवीत, खताच्या गोण्यांना टेकून पडलोय. एक तांबडी कोंबडी माझ्यावर बसते आणि हक्काने घाण करते. बाहेर नवा गिअरबॉक्स 'डी' लावताच गचका न देता निघतो. माझ्यापेक्षा तो चांगला आहे, हे सांगताना माझा जीव जातो, पण आहे खरं. मीनाबाई चालवतात आणि वेळ असला की हेमकांतभाऊ शेजारी बसतात. "आते कठे लई जाई ऱ्हायनी?" असं विचारतात. त्या सांगत नाहीत.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला त्याचं तेल द्या आणि गाडी पुरती थांबल्यावरच दांडा हलवा. बाकी आमचं काही मागणं नाही. आज छगन मला भंगारात न्यायला आलाय. टेम्पोची फळी त्याने खाली पाडलीय. ने बाबा, माझी तक्रार नाही. फक्त जरा थांब, मीनाबाई कोरीटला निघाल्यात. ती गाडी पुलाच्या वाटेला लागलेली मला ऐकू दे, मग उचल.