तिसऱ्या फेरीचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. वारज्यातल्या एका मैदानावर, धावण्याच्या ट्रॅकच्या कडेला, कडुनिंबाखाली मी उभा असतो. माझ्याबद्दल आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. मी फार मत्सरी आहे.

हा गुण मला जन्मापासून चिकटला. भवानी पेठेत दादामियाँ नावाच्या सुतारांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवसांत तिथे कुणाच्या तरी लग्नासाठी एक सागवानी कपाट तयार होत होते. दादामियाँ त्याला मऊ फडक्याने पॉलिश करायचे, आल्यागेल्याला दार उघडून दाखवायचे. मी पडलो बाभळीचा. मला रंधा मारला, खिळे ठोकले आणि पाय वर करून भिंतीला टेकवून ठेवले. "पोरांचा बाक आहे, त्याला काय नटवायचं?" असे ते म्हणाले. मी उलटा पडून त्या कपाटाकडे बघत राहिलो. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते.

पुढे मी कोथरूडच्या एका शाळेत गेलो. तिथे माझी जागा सातवीच्या वर्गात अगदी शेवटची. पाहुणे आले की पहिल्या बाकावरच्या मुलांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच पाठीवर थाप मारत. माझ्या वाट्याला आली कर्कटकाने कोरलेली नावे, शाईचे डाग आणि खालून चिकटवलेले च्युइंगम. मुलांना मी आवडत असे, नाही असे नाही. पण ती माझ्यावर बसत ती लपायला. मग एका जूनमध्ये शाळेत लोखंडी बाक आले आणि आम्हा जुन्यांची रवानगी गच्चीवर झाली. तिथे कबुतरांनी माझे जे काही केले ते मी इथे सांगत नाही.

तिथून मला सोडवले कांताबाईंनी. त्या शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला. त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "शाल आहे हो घरी. तो गच्चीवरचा बाक देता का?" मुख्याध्यापकांना वाटले, बाई गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी बाई टेम्पो घेऊनच आल्या.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मागून घेतले होते. टेम्पोत बसून कोथरूडहून वारज्याला येताना मी इतका फुगलो होतो की रस्त्यातले खड्डेही मला लागले नाहीत.

या मैदानावर बाई सकाळी पोलीस भरतीच्या मुलांना शिकवतात. भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते. बाई त्याला अजूनही मैल म्हणतात. खरा मैल त्याहून किंचित मोठा असतो, पण हे बाईंना सांगायची कुणाची छाती नाही. आमच्या ट्रॅकच्या चार फेऱ्या म्हणजे बाईंचा एक मैल. तो पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवला की पैकीच्या पैकी गुण.

आणि इथेच मला माझा खरा वैरी भेटला. तो म्हणजे ट्रॅक. तशी नुसती माती, पण तिचे लाड किती! रोज पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, फक्कीने पांढऱ्याशुभ्र रेघा आखायच्या. मुले आली की आधी वाकून त्या मातीला हात लावतात आणि तो हात कपाळाला लावतात. माझ्यावर काय ठेवतात? घामट टी-शर्ट आणि चपला. पळायचे त्याच्या अंगावर आणि धापा टाकायच्या माझ्या अंगावर, असा हा न्याय!

एकच माणूस मला माझा वाटला. त्याचे नाव समाधान. गॅसचे सिलिंडर पोचवणाऱ्या गाडीवर तो काम करायचा. तिशी ओलांडलेली, खांदे मजबूत, चेहरा सदा दमलेला. आदल्या वर्षी भरतीत तो तिसऱ्या फेरीत पार ढेपाळला होता. आता एकच संधी उरली होती. पुढच्या वर्षी त्याचे वय बसणार नव्हते. पहिल्या सकाळी एक फेरी मारून तो जो माझ्यावर कोसळला, तो सगळ्या वजनासकट. मित्रांनो, किती दिवसांनी कुणी माझ्यावर असे मनापासून बसले होते. तो पाठ टेकवून आडवाच व्हायचा. कडुनिंबाची पाने तोंडावर पडली तरी हलायचा नाही. मला वाटले, हा माझा. ट्रॅकला घ्यायचा तर घेऊ दे दुसरा कोणी.

पण बाईंची पद्धत मला माहीत नव्हती. ती तशी साधी होती. एक फेरी ठरलेल्या वेगाने, सत्याहत्तर सेकंदांत काढायची. मग विश्रांती. मग दुसरी फेरी, त्याच वेगाने. अशा चार. वेग वाढवायचा नाही. कमी करायची ती मधली विश्रांती.

"पहिल्या फेरीत सगळेच शूर असतात," बाई समाधानला म्हणाल्या. "मैल मरतो तो तिसऱ्या फेरीत. तुला तिसरी फेरी शिकायचीय. आत्ता बस पोटभर. पुढच्या महिन्यात बसायचं नाही, नुसतं टेकायचं. त्याच्या पुढे नुसता हात लावायचा बाकाला आणि वळायचं."

"आणि त्याच्या पुढे, बाई?"

"त्याच्या पुढे बाक विसरायचा. भरतीच्या मैदानावर बाक नसतो."

हे ऐकले आणि मी थंडच पडलो. म्हणजे बाईंनी मला एवढे मागून आणले, टेम्पोत घालून आणले, ते मुलांना माझ्यापासून सोडवायला! कपाटाचा हेवा केला, पहिल्या बाकाचा केला, पण असे कधी जळलो नव्हतो.

त्याच दिवसांत मैदानावर अरबाज नावाचा एक विशीतला मुलगाही यायचा. हरणासारखा पळायचा. त्याला बाईंची पद्धत पटत नसे. तो रोज पूर्ण सोळाशे जीव तोडून मारायचा, मोबाईलवर वेळ लावायचा आणि स्टेटसला टाकायचा.

"अरबाज, रोज परीक्षा देतोस. अभ्यास कधी करतोस?" बाई विचारायच्या.

"पण बाई, टायमिंग येतंय ना!"

"येतंय रे. इथे येतंय."

समाधान माझ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहायचा. ती नजर मी ओळखतो. मी कपाटाकडे तशीच टक लावायचो. एकदा तो पुटपुटला, "हे पोरगं विनासायास पळतंय, आणि आपण सिलिंडर उचलून उचलून..." त्या दिवशी मला तो फारच जवळचा वाटला. दोघे मिळून जळत बसायला सोबत लागते.

पण त्याचे बसणे कमी होत गेले. आधी तो आडवा व्हायचा बंद झाला. मग नुसता कडेला टेकू लागला, एक पाय जमिनीवर ठेवून, पाहुण्यासारखा. मी तिकडे मातीकडे बघायचो. ती त्याच्या बुटांचे ठसे अंगभर मिरवत होती.

एका सकाळी त्याची धाकटी बहीण आम्रपाली स्कूटरवरून आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. त्याचा विसरलेला डबा तिने माझ्यावर ठेवला आणि शेजारीच बसली.

"दादा, एक सांगू? रागावू नकोस. या वेळी नाही झालं तर हा विषय बंद करू या. आई रोज तुझे पाय चेपते आणि तू झोपलास की रडते."

"झालं तर?"

"झालं तर मी स्वतः तुझे पाय चेपीन."

तो हसला, पण डबा न उघडताच पुन्हा ट्रॅककडे गेला. मला राग आला. एवढी बहीण आली, दोन घास खा, बस जरा! पण नाही.

मग तो दिवस उजाडला, ज्याला मुले 'बाईंची तिसरी' म्हणतात. भरतीच्या दहा-बारा दिवस आधी बाई हा सराव एकदाच घेतात. दोन फेऱ्या सलग, ठरलेल्या वेगाने. मग माझ्यापर्यंत यायचे, हात लावायचा आणि तिसरी फेरी. पुन्हा हात लावायचा आणि चौथी. बसला तो संपला. "यात ज्याची तिसरी फेरी वेळेत आली, त्याचा मैल वेळेत येतो," बाई म्हणाल्या. "हे ज्योतिष नाही. मी इतकी वर्षं बघत आलेय."

पहिल्या दोन फेऱ्या समाधानने छान काढल्या. माझ्यापाशी आला, तळहात टेकवला आणि वळला. माझ्यावर त्याचा ओला पंजा तेवढा उमटला. तिसऱ्या फेरीत पलीकडच्या वळणावर त्याचे खांदे वर चढलेले मला दिसले. बाई घड्याळ धरून उभ्या होत्या.

तो आला तो अक्षरशः लटपटत आला. दोन्ही हात माझ्यावर टेकले. तोंडातून लाळ गळत होती. त्याचे गुडघे वाकले आणि कंबर माझ्यापासून अगदी वीतभर अंतरावर आली. मित्रांनो, माझ्या नसानसांतून एकच हाक निघत होती, बस. बस रे. कशाला त्या मातीच्या नादी लागतोस? ती काय तुला पाठ टेकू देणार आहे? इथे बस, माझ्याजवळ. हे बसणे म्हणजे त्याचे सगळे संपणे, हे मला माहीत होते. तरी मी हाक मारतच होतो. मत्सर असाच असतो.

त्याने मान वर केली. ट्रॅककडे पाहिले. आणि दोन्ही तळहातांनी मला असा काही जोर लावला की माझे चारही पाय मातीत रुतले. मला रेटून तो ताठ उभा राहिला आणि चौथ्या फेरीला गेला.

चौथी फेरी संपल्यावर बाईंनी घड्याळ पाहिले, खिशात टाकले आणि म्हणाल्या, "घरी जा. दोन दिवस पळू नकोस."

"बाई, तिसरी आली का?"

"आली नसती तर मी इतकी गोड बोलले असते का?"

तो ट्रॅकवरच पाठ टेकून पडला, आभाळाकडे बघत हसत होता. तिथेच, मातीत. त्याने किंवा बाईंनी, कुणीही माझ्याकडे पाहिले नाही.

भरतीच्या दिवशी मैदान रिकामे होते. दूरच्या कुठल्यातरी ट्रॅकवर माझा समाधान धावत होता आणि तो ट्रॅक ते बघत होता. न पाहिलेल्या मातीचाही मला हेवा वाटला. एक कुत्रे येऊन माझ्याखाली झोपले, तेवढीच सोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्यावर बसल्या होत्या. समाधान आला तो बूट न घालता, चपला घालून. हातात पेढ्यांचा पुडा.

"पाच मिनिटं सात सेकंद," तो म्हणाला.

बाईंनी पुड्याकडे पाहिले. "लेखी बाकी आहे, यादी लागायचीय. पेढे कसले?"

"हे नुसते मैलाचे, बाई. यादीचे वेगळे आणीन."

बाईंनी पेढा घेतला. तो तसाच उभा होता, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. मग म्हणाला, "बाई, आता बसू?"

"बस की. त्याला काय मुहूर्त लागतो?"

तो बसला. मित्रांनो, पहिल्या दिवशी बसला होता तसा बसला, सगळ्या वजनासकट. त्याने अरबाजचेही सांगितले. अरबाज पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या फेरीत चालू लागला. हे सांगताना समाधानच्या आवाजात आनंद नव्हता. "रोज इथेच सगळं संपवून टाकायचा, बाई. तिथे न्यायला त्याच्याकडे काही उरलंच नाही." मी ऐकत होतो आणि सुखात होतो.

पण सुख किती टिकावे? तो उठला, ट्रॅकजवळ गेला, वाकला आणि चिमूटभर माती कपाळाला लावली. माझ्या अंगाचा भडका उडाला. दुखावलो मी, मोडायला आलो मी, आणि कपाळावर ती!

बाईही बघत होत्या. "मातीच्या पाया पड बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही आहोतच इथे बसलेले."

तो ऐकून वळला आणि परत आला. बाई ठेंगण्या आहेत. त्यांचे पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून माझ्या दोन पायांना जोडणारी खालची जी आडवी पट्टी आहे, तिच्यावर त्या पाय ठेवून बसतात. समाधान गुडघ्यावर बसला आणि त्याने वाकून बाईंच्या पावलांवर हात ठेवले. त्याची बोटे पावलांवरून पुढे घसरली आणि माझ्या पट्टीला लागली. मग तेच हात त्याने कपाळाला लावले.

तो नमस्कार बाईंना होता. लाकूड असलो तरी एवढे मला कळते. पण त्यातला थोडा माझ्या पट्टीवर सांडला, तो मी कुणाला परत देणार नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझा मागचा एक पाय हलतो. येताजाता कुणी दोन खिळे मारले तर बरे होईल. माझ्यावर चिखलाचे बूट ठेवू नका. आणि तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखे कुणी असेल, तुम्ही दमलात की ज्याच्याजवळ येऊन बसता, तर धावून आल्यावर एकदा त्याच्याकडेही बघत जा. तो मागत नसला तरी त्याला ते हवे असते.

काल सकाळी अरबाज आला. मोबाईल त्याने बाईंच्या हातात दिला आणि पहिली फेरी काढली, ठरलेल्या वेगाने. मग धापा टाकत माझ्यावर कोसळला, सगळ्या वजनासकट. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! पण थोड्या वेळाने माझ्याच मनात आले, बस बाबा, बस. पण फार वेळ नको.