स्वतःहून न दबलेला अंगठा

मी एक जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत निळं ओलं कापड, एवढाच माझा देह. नेरच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्या जमीरचाचांच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. माझा ठसा स्वच्छ उठतो, असं लोक म्हणत. मला अक्षर येत नाही. त्यामुळे माझं सांगणं कितपत खरं धरावं, याची मलाच शंका वाटते. पण मित्रांनो, अंगठे मला कळतात.

एकदा तांड्यावरचे लखीराम आले. त्यांनी स्वतः बांधलेलं घर त्यांच्यामागे पुतणी ममताला मिळावं, अशी त्यांची इच्छा होती. तिनेच त्यांना सांभाळलं होतं. कागद झाला नाही, तर घर मुलाकडे, देवसिंगकडे जाणार होतं. लखीरामांनी अंगठा माझ्यावर टेकला, तेवढ्यात चाचांनी मथळा वाचला : मृत्युपत्र.

"हे नाव कायले लिहिलं? जिता आहो ना मी!"

"मग काय लग्नपत्रिका लिहू?" चाचा हसले. "आमच्यात वसीयत म्हणतात. तसं लिहू?"

"लिवा. पोळा झाला की येतो." त्यांनी अंगठा धोतराला पुसला.

पोळ्याआधीच त्यांना लकवा मारला. वाचा गेली, सारं अंग लुळं पडलं. ममताने चाचांना घरी बोलावलं; तयार कागद आणि मला घेऊन ते गेले. भर दुपारी त्या घरात भांडंही वाजत नव्हतं. चाचांनी तो अंगठा उचलून माझ्यावर ठेवला. मित्रांनो, तो दबला नाही. थंडगार होता, आणि तरी आत काहीतरी उडत होतं. बंद दाराआडून कुणी ठोकावं, तसं.

"काका हो म्हणून राह्यले, चाचा! डोळे पाहा!" ममता म्हणाली.

दारातून देवसिंग बोलला, "डोळे तर मलेही हो म्हणून राह्यले."

ते डोळे तिच्याकडून त्याच्याकडे फिरले, मग माझ्यावर येऊन थांबले. पापणी लवली नाही.

"मी दाबला तर हा अंगठा माझा होईल, बेटा," चाचा हळूच म्हणाले. त्यांनी तो पुसून टाकला.

नवव्या दिवशी लखीराम गेले. ममता एक पेटी घेऊन यवतमाळच्या एसटीत बसली.

तेव्हापासून, तो अंगठा टेकला होता तिथे, माझ्या कापडात एक खळगा आहे. शाई घातली तरी तो भरत नाही. चाचा त्यावर बोट फिरवतात आणि हात झटकन मागे घेतात.

मित्रांनो, घरच्या मोठ्या माणसांना एवढंच सांगा : कागदाला हवं ते नाव द्या, पण आपला अंगठा आपल्याला दाबता येतो, तोवर या.