रेवानी वाडग्यावर का फिस्कारली

रेवानी मांजर धावत आली, शेपटी काठीसारखी उभी, "द्या, द्या, लवकर द्या" असं ओरडत. वाडग्यात तोंड घातलं आणि पुढच्याच क्षणी त्या वाडग्यावर अशी फिस्कारली, जणू वाडग्याने तिच्या खानदानाचा उद्धार केला होता! मग कान पाडून थेट भांड्यांच्या कपाटाखाली.

लांब्रिनी मांजराच्या खाण्याच्या दाण्यांची पिशवी हातात धरून तशीच उभी. भूक नाही म्हणावं, तर ही धावत कशाला येते? भूक आहे म्हणावं, तर पळते कशाला? आणि रागच आला असेल, तर तो वाडग्याचा कसा येतो? वाडगा बिचारा जागचा हललासुद्धा नव्हता.

"पुन्हा तेच?" बाबांनी कांदा चिरता चिरता विचारलं. स्ताथिसबाबा बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे आणि घरातही त्यांची तीच रीत होती. जे चालत नाही ते उघडून बघायचं, उघडूनही कळलं नाही तर दुसऱ्या कुणाकडे धाडायचं. "रविवारी प्रोद्रोमोसकाका जेवायला येतोय. जाताना घेऊन जाईल तिला गावी. जन्मली तिथेच ना? चार मांजरांत राहिली की येईल ताळ्यावर."

"बाबा! ती आजारी आहे!"

"आजारी? काल आईच्या बोटावरचं दही चाटूनपुसून साफ केलं तिने. आजारी नाही, लाडावलीये. म्हणे मांजराचे दात घासायचे! सिंहाचे दात कोण घासतं गं? तू जातेस?"

लांब्रिनीला एरवी उत्तर सुचलं नाही असं होत नसे. वर्गात वादविवादाला आता तीच उभी राहायची, आणि गेल्या वर्षीची, शेवटच्या बाकावरची लांब्रिनी तिची तिलाच आठवत नव्हती. पण ह्या बोलण्यावर मात्र तिने मान खाली घालून पिशवीचं तोंड गुंडाळलं.

कारण दात घासायला सुरुवात केली होती ती तिनेच. किती हौसेने! आधी बोटावर कोंबडीच्या चवीची पेस्ट लावून नुसती चाटवायची, मग बोटाला मलमलीची पट्टी गुंडाळून हिरडीवरून फिरवायची, मग चिमुकला ब्रश. रेवानी डोळे मिटून बसायची, अगदी राणीसारखी. लांब्रिनीने तोंडात ब्रश असलेला तिचा फोटो काढून नेटवर टाकला, तर अख्ख्या शाळेने त्याला बदाम दिले. ज्या मुली तिला ओळखही दाखवत नव्हत्या, त्यासुद्धा जिन्यात थांबवून विचारायला लागल्या, "ती ब्रशवाली मांजर तुझीच ना?"

आणि त्याच आठवड्यापासून हे. आईच्या हातचं दही खाते, लांब्रिनीच्या हातचे दाणे पाहून पळते. ब्रश दिसला की पंजा उगारते. म्हणजे हिरडीला काही लागलं का? की ब्रशवरून ती लांब्रिनीचाच द्वेष करायला लागली? मग दोष वाडग्याचा, ब्रशचा, की लांब्रिनीचा? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. आणि रविवार तर परवावर आला होता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे पागोनाआत्याचा फोन आला. ही खरं तर बाबांची आत्या, राहायची ड्रामा नावाच्या गावी, पण सगळं घर तिला आत्याच म्हणायचं. आईने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण आत्याशी बोलताना हात मोकळे लागत.

"काय गं एव्हांथिया, मुलीचा आवाज का येत नाहीये?"

आईने सगळं सांगितलं. फिस्कारणं, पळणं, तोंडातून गळणारी लाळ, पंजाने गाल खाजवणं.

"आणि तो फोटो किती जणांनी पाहिला म्हणालीस?"

"सगळ्या शाळेने," लांब्रिनी म्हणाली.

"अरे देवा! आणि पाहून कुणी थुंकलं का? थू थू थू?"

"आत्या, फोनवर कसं थुंकणार?"

"तोंडाने! कसं म्हणजे काय? नजर लागलीये तुमच्या मांजराला, सरळ दिसतंय. थांब, बशीत पाणी घेते, त्यात तेलाचा थेंब विरघळला की नजर उतरली. तेलाची बाटली कुठे ठेवली मी... हां. आता नाव सांग तिचं. बाप्तिस्म्याचं."

बाबांनी हातातली सुरी फोनकडे रोखली.

"आत्या, मांजर आहे ती," बाबा म्हणाले.

"मला सांगतोस? शेजारच्या स्तामातिसच्या खेचराची दृष्ट काढलीये मी! दुसऱ्या दिवशी लाकडं ओढायला लागलं ते."

"मग त्या खेचराचा काय बाप्तिस्मा झाला होता?"

"स्ताथिस, तू गप्प बस, नाहीतर आधी तुझी काढीन."

"लांब्रिनीचं नाव घे ना," आईने तोडगा काढला. "मालकीण तीच."

"म्हणजे मग दृष्ट लांब्रिनीची निघणार! तिला काय झालंय? ती खातेय ना वाडग्यातलं?"

शेवटी नुसतं "रेवानी" चालेल असं ठरलं. देवाला कळेल, आत्या म्हणाली, केकचं नाव असलेली मांजर काही गावोगावी नसते. मग पलीकडून पुटपुटणं सुरू झालं. शब्द कुणालाच ऐकू येऊ द्यायचे नाहीत, हा नियमच होता. लांब्रिनी मात्र फरशीवर पालथी पडून, स्वतःच्या फोनचा दिवा लावून कपाटाखाली बघत होती. रेवानी एका कोपऱ्यात बसली होती, मान वाकडी, हनुवटी ओली. "काय झालंय तुला?" लांब्रिनी कुजबुजली. "माझ्यावर रागावलीस तर तसं सांग ना गं."

फोनमधून जांभई आली. साधीसुधी नाही, बोगद्यातून यावी तशी! दृष्ट काढणाऱ्याला जांभई आली म्हणजे नजर होतीच, हे सगळ्यांना माहीत. दुसरी आली, तिसरी आली. "आईगं, केवढी लागलीये! डोळ्यांतून पाणी आलं माझ्या," आत्या कशीबशी बोलली. मग आईला जांभई आली. मग बाबांना, आणि ते तर असलं काही मानतच नव्हते. त्यांनी सुरी ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लांब्रिनीचाही जबडा आपोआप उघडला.

आणि कपाटाखाली रेवानीने जांभई दिली. मांजराला माणसाची जांभई लागते का? लांब्रिनीला तेव्हाही कळलं नाही. पण ते गुलाबी तोंड तिच्या दिव्यासमोर पुरतं उघडलं, आणि खाली, डाव्या बाजूला, अगदी आत, तिला एक दात दिसला. अर्धाच. उरलेल्या अर्ध्यावर लालभडक हिरडी चढली होती, रासबेरीचा दाणा चिकटावा तशी. त्याच क्षणी रेवानी कळवळून ओरडली आणि तोंड मिटलं.

"दात!" लांब्रिनी किंचाळली आणि तिचं डोकं कपाटावर आपटलं. "बाबा, दात! दात आहे!"

"विरघळलं!" आत्या पलीकडून ओरडली. "तेलाचा थेंब उरला नाही! सुटली गं सुटली!"

"कोण सुटली?" आई.

"दात आहे म्हणजे काय? मांजराला दात असतातच की!" बाबा.

लांब्रिनीने ही बाजू कधी पाहिलीच नव्हती. डावीकडे ब्रश नेला की रेवानी मान वळवायची, म्हणून लांब्रिनी उजवीकडचे आणि पुढचे दात घासायची आणि डावीकडचे "उद्या" म्हणून सोडून द्यायची. ती आता उठून उभी राहिली, कपाळावर टेंगूळ घेऊन. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उघडून बघायचं तर नीटच बघू."

डॉक्टर कारिपिदूबाईंनी कापसाची काडी त्या दाताला जरा टेकवली मात्र, रेवानीचा खालचा जबडा थरथर कापायला लागला. "हाच तो," त्या म्हणाल्या. तिला भूल दिली, दातांचे एक्स-रे काढले आणि दुपारी पडद्यावर दाखवले. बाकीचे दात पांढरेशुभ्र, आणि हा एक, कसर लागलेल्या लोकरीसारखा, आतून पोखरलेला. तो काढून टाकला होता.

"माझ्या ब्रशने झालं?" लांब्रिनीने विचारलं.

"छे! मांजरांमध्ये होतं असं. शरीर स्वतःच स्वतःचा दात विरघळवून टाकतं."

"का?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

लांब्रिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. एवढी शिकलेली डॉक्टर, भिंतीवर एवढी प्रमाणपत्रं, आणि कुणालाच माहीत नाही?

"मग ती वाडग्यावर का फिस्कारायची?"

"दाणा चावला की कळ जायची मस्तकात. तिला काय माहीत कळ दातातून येतेय? तिला वाटलं असेल, वाडगाच चावतोय."

लांब्रिनी पिंजऱ्याच्या जाळीतून बघत राहिली. रेवानी भुलीतून नुकती जागी होत होती आणि आपल्याच पंजाकडे, हा कुणाचा, अशा नजरेने बघत होती. म्हणजे एवढे दिवस घरातल्या सगळ्यांत जास्त गोंधळलेली हीच होती! ही बिचारी एकटी वाडग्याशी भांडत होती, आणि लांब्रिनी समजत होती भांडण आपल्याशी आहे.

"जखम भरली की पुन्हा घासायला लाग," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही बाजू हं. आणि महिन्यातून एकदा आत डोकावून बघ. हे परत दुसऱ्या दाताला होऊ शकतं."

रविवारी प्रोद्रोमोसकाका आला तो झाकणाची मोठी टोपली घेऊनच. टेबलावर तळलेल्या मासोळ्या होत्या. आत्याचा फोन येऊन गेला होता, आणि तिच्या मते सगळं श्रेय तेलाला होतं. आईच्या मते डॉक्टरांना. बाबा सारखं सांगत होते की खरं तर त्यांच्या जांभईमुळेच मांजराला जांभई आली. लांब्रिनीला काही ठरवता येईना, म्हणून तिने तिघांचेही आभार मानले.

"कुठाय ती तुमची न खाणारी?" काकाने टोपली उघडत विचारलं. "बांधून द्या, उजेड आहे तोवर निघतो."

काकाच्या बुटाशी काहीतरी चपचप वाजत होतं. तो खाली वाकला. बशीतली मऊ मासळी संपवून, एक पिवळी मांजर रिकामी बशी चाटत बसली होती, आणि मान न उचलता गुरगुरत होती.

"ही दुसरी आहे का?" काकाने विचारलं.

"नाही," लांब्रिनी म्हणाली.

"मग मी नेऊ कुणाला?"

बाबांनी टोपलीचं झाकण लावलं आणि मासोळ्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "कुणालाच नाही. तू जेव."