वरच्या बाणाचं बटण

कीबोर्डवरचं वरच्या बाणाचं ते बटण, घासून घासून बाण पुसट झालेलं… त्याच्यावर बोट ठेवून ती केव्हाची बसली होती. दाबलं की आधी दिलेली, काल दुपारची कमांड जशीच्या तशी पडद्यावर येणार, आणि तिच्या शेवटी हिनंच जोडलेली व्हॅल्यू: चाचणीपुरत्या सर्व्हरचा पत्ता. सेटिंगची फाईल उघडून तिथं पत्ता बदलायचा कंटाळा, दुसरं काय! कमांडच्या शेवटी व्हॅल्यू दिली की बिल्ड करणारं, म्हणजे ॲप बांधून तयार करणारं टूल फाईलमधल्या व्हॅल्यूला विचारतसुद्धा नाही, आणि फाईलमध्ये त्याची खूणही राहत नाही. चाचणी झाली, मग दवाखान्याला द्यायचा खरा बिल्ड करायचा — तर बाईसाहेबांनी घाईघाईत हेच बटण दाबलं, आणि एंटर; चाचणीचा पत्ता शेपटाला तसाच.

आज सकाळी दवाखान्यात ऐंशी माणसं ॲपवरून वेळ घेऊन आली नि एकाचंही नाव यादीत नाही. सगळी नावं चाचणीच्या सर्व्हरवर. एक म्हातारी तीन बस बदलून आली होती म्हणे…

फाईल काकांची. ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर, म्हणून सगळ्यांचेच काका. पहिल्या वर्षी हिला त्यांनीच शिकवलं होतं — व्हॅल्यू फाईलमध्येच लिहावी गं, चुकली तर सापडते तरी. सकाळपासून ते त्या फाईलला नाक लावून बसलेत. सांगायला हवं. आत्ता सांगते… चहा झाला की सांगते… साहेबांचा फोन होऊन जाऊ दे, मग सांगतेच.

"जरा ये गं," काका म्हणाले. "तू वाच, मी ऐकतो. माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही."

ती एकेक ओळ वाचत गेली. पत्त्याची ओळ आली. पत्ता खरा होता.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, काका."

"मग मला वाटलं तेच. काल मीच काहीतरी तात्पुरतं बदललं असणार, परत नीट केलं नि विसरलो. वय झालं, बाई! साहेबांना तसं कळवून टाकलंय, उगाच तुम्हा पोरांच्या मागे लागायला नकोत. ही फाईल आता तूच सांभाळ."

तिनं मान हलवली. आणि छातीवरचं ओझं उतरलं, खरंच उतरलं, मोकळा श्वास आला… सुटले! चुकीची लाज सकाळपासून होतीच, तिची एव्हाना सवय झाली होती. ही वेगळी होती, या श्वासाची. कान तापले. मी अशी आहे?

काकांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, पुटपुटत, ओळीवर बोट ठेवून. पत्त्याची ओळ अजून चार ओळी खाली होती. तीन. ती ओळ बरोबर आहे हे आता त्यांच्या तोंडून ऐकणं तिला सोसणार नव्हतं.