बिस्किटांच्या डब्यातले थर्मोस्टॅट

मामाने बॉनेट इतक्या जोरात उघडलं की आधाराची दांडी निसटून त्याच्या खांद्यावर आपटली.

"लागलं?" भाचीने विचारलं.

"मला नाही लागलं. तुझ्या टर्बोला लागलं असेल तर बघ!"

इंजिनातून वाफ फुसफुसत होती. गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई आठवडाभर लोकांच्या दाढा उपटत आणि रविवारी डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरत. दोन महिने खपून भाचीने त्यांच्या इंजिनाला ताकद वाढवणारा मोठा टर्बो बसवला होता, आणि बुधवारपासून आज तिसऱ्यांदा ती गाडी अर्ध्या चढावर उकळून, दोराने ओढत गॅरेजात आली होती. शर्यत परवावर येऊन ठेपली होती. बाई दारातल्या स्टुलावर तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या.

मामाच्या हातात कुलूप होतं. गॅरेजामागची शेड त्याने भाचीला एका अटीवर दिली होती. या गाडीने नाव काढलं तर शेड तिची. नाही काढलं तर शेडला कुलूप, आणि भाचीने मुकाट्याने पुढे येऊन ऑइल बदलत बसायचं.

"इंजिनालाही पोट असतं," तो बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "चार घासांच्या पोटात दहा कोंबले की ओकणारच. पण ऐकतंय कोण! आम्ही पडलो अडाणी."

"मामा, जरा गप्प बसशील?"

"गप्प बसूनच चाळीस वर्षं गॅरेज चालवलं का मी?"

त्याला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. मंगळवारी भाची सामान आणायला गेली असताना गाडीचा तापमानाचा काटा मध्यापासून जरासा वर सरकलेला त्याला दिसला होता. त्याने आपला हुकमी इलाज केला: थर्मोस्टॅट काढून टाकला. मुठीत मावेल एवढी ती झडप, पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरमध्ये थंड व्हायला जायची वाट अडवून बसते. वाटच मोकळी केली की इंजिन थंड, असं त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. आजवर काढलेले सगळे थर्मोस्टॅट टेबलाखाली बिस्किटांच्या डब्यात होते. लहर आली की तो डबा हलवून गिऱ्हाइकांना आवाज ऐकवी. पोरीची लाज राखायला एवढं केलं, कुणाला चकार शब्द सांगितला नाही, आणि तरी हे धूड उकळतंय म्हणजे काय!

भाचीने इंजिन निवू दिलं, पाणी भरलं आणि पुन्हा सुरू केलं. पंखा फिरत होता. पाण्यात बुडबुडे नव्हते, म्हणजे हेडचं गॅस्केट शाबूत होतं. तिने एक्सिलरेटर दाबून धरायला बाईंना गाडीत बसवलं. काटा चढत चढत लाल रेघेजवळ गेला, तसा तिने रेडिएटरवर हात ठेवला, आणि तिथेच ठेवला.

"भाजेल, गाढवे!" मामा ओरडला. त्याच्या मनगटावर तसंच भाजल्याचा एक जुना डाग होता.

"नाही भाजत. ये, तूही लाव."

त्याने लावला. इंजिन उकळायला आलं होतं आणि रेडिएटर कोमट होता.

"पंप गेला," तो म्हणाला.

"पंप ठीक आहे. पाणी फिरतंय, पण रेडिएटरकडे न येता जवळच्या वाटेने पुन्हा इंजिनातच जातंय. या इंजिनात ती वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. रेडिएटरची वाट उघडतो आणि ही मिटतो. अडकलाय वाटतं."

"ही कुठली दुसरी वाट?" मामाने विचारलं.

बाई स्टुलावर परतल्या. इंजिन निवल्यावर भाचीने दोन बोल्ट सोडवून झाकण काढलं. आत काहीच नव्हतं.

तिने रिकाम्या जागेत बोट फिरवलं. मग टेबलाखाली पाहिलं, मग मामाकडे. ती कानापर्यंत लाल झाली. आता ही फाडून खाणार, असं मामाला वाटलं, आणि खाल्लं तर बरं होईल असंही वाटलं.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

भाचीने पाना खाली ठेवला. "एक भाग बसवायचा राहिला होता. माझ्याकडून."

"राहिला?" बाई ताडकन उठल्या. "तीनदा रस्त्यात उभं केलंत मला! मी पेशंटच्या तोंडात कापूस विसरले तर चालेल का? मामा, तुम्ही म्हणत होतात तेच खरं. हिच्या हातात गाडी द्यायलाच नको होती."

मामा सुटला होता. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. पण त्याच्या मस्तकात अशी तिडीक गेली की कुलूप टेबलावर आदळलं.

"काही राहिलं नव्हतं!" तो खेकसला. "हिच्या हातून काही राहत नाही! एकेक नट दोनदा तपासते, जीव खाते माझा! मी काढला तो. मंगळवारी. हिला न विचारता. अक्कल पाजळली!"

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने डबा ओढला. सगळ्यात वर नवा कोरा थर्मोस्टॅट होता. सदऱ्याला पुसून त्याने तो भाचीपुढे धरला. खालच्या ढिगाकडे बघत तो म्हणाला, "त्या सगळ्या गाड्या..."

"जुन्या इंजिनांना चालून जायचं," भाची म्हणाली. ती अजून त्याच्याकडे बघत नव्हती. "बहुतेक."

संध्याकाळी बाई चढ चढून परत आल्या. काटा वर जरासा सरकला होता आणि पुन्हा मध्यावर आला होता. एवढा सरकायचाच, भाची म्हणाली, त्याला हात लावायचं कारण नाही. बाईंनी मान डोलावली आणि परवा सकाळी सहाला भाचीनेही सोबत यावं असं सांगितलं.

मामाने टेबलावरचं कुलूप उचललं, बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं.

"बघतेस काय?" तो भाचीवर ओरडला. "शेडमधला दिवा चालू राहिलाय तुझा!"