नडगीवरचा वळ

सायकलच्या दुकानातल्या ऋषीनं शेवटचा पट्टा खेचून चिकटवला आणि उकिडवं बसूनच मान वर केली.

"जास्त टाइट तर नाही झालं ना, काका?"

"नाही गा, मस्त आहे," संजीव म्हणाला.

नडगीला बांधायच्या गार्डचा हा तिसरा जोड होता. पहिल्याला पुढून कडक प्लास्टिकची ढाल होती, दुसरा मोज्यासारखा खालून वर चढवायचा होता, आणि हा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सगळंच झाकणारा, मागून चार पट्ट्यांचा. तिन्ही त्याला मस्तच वाटले होते. स्टुलावर बसून तो उरलेल्या जोडांची अस्तरं तेवढी चिमटीत धरून बघत होता. गांधीबागेत कापडाच्या दुकानात तीस वर्षं काढलेली बोटं. कुठलं अस्तर खरबरीत आणि कुठली शिवण जाड, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

त्याची बायको गोपिका मागं उभी होती. आज ती हट्टानं बरोबर आली होती. दोन महिन्यांपूर्वी गोरेवाड्याकडच्या कच्च्या वाटेवर पेडल उलटं फिरलं आणि त्याचे दात संजीवच्या नडगीत घुसले. तो तसाच सायकल मारत तांडापेठेत घरी आला. मोजा रक्तानं भिजलाय हे दारात पहिल्यांदा तिनंच पाहिलं. गडबडीत समजलं नाही, असं तो म्हणाला होता. रक्तातल्या साखरेमुळं ती जखम भरायला पाच आठवडे लागले. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलं नाही. उलट ती चालवा म्हणाले, पण अशी जखम पुन्हा नको म्हणाले. म्हणून हे दुकान.

गोपिका वाकली आणि पोटरीमागच्या पट्ट्यात बोट घालायला गेली. बोट जाईना. करंगळीही जाईना. तिनं पट्टा फर्रकन उघडला. खाली मांसात खोल खाच पडली होती आणि तिच्या दोन्ही कडा पांढऱ्या झाल्या होत्या.

"हे दुखलं नाही तुमाले?"

संजीवनं खाचेकडं पाहिलं. मग समोर टांगलेल्या सायकलींकडं.

"कुठवर गेलं हे?" तिनं विचारलं.

ऋषी उठून काउंटरकडं गेला आणि उगाच खोकी सारखी करत राहिला.

"तुमी म्हणत होते, फक्त तळव्याले मुंग्या येते."

"दिवाळीपासून गुडघ्यापर्यंत काही समजत नाही," संजीव हलकेच म्हणाला.

"मंग काहून सांगतलं नाही जी?"

पुतण्या पंकज पुण्याला जाताना आपली जुनी माउंटन बाइक ठेवून गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली. पहिल्या रविवारी टेकडी चढताना संजीव चार वेळा उतरला होता. आता तो वरपर्यंत जाई, आणि वर पोचल्यावर सायकलच्या गटातली पोरं 'काका आले, काका आले' म्हणून ओरडत. हे सगळं तिच्या 'आता सायकल बंद' या एका वाक्यानं जाईल, असं त्याला वाटत आलं होतं. आता तो त्याच वाक्याची वाट बघत बसला.

गोपिकानं गार्ड त्याच्या पायातून काढले, हातात तोलले आणि ऋषीला हाक मारली.

"बापू, इथं पडदा-बिडदा आहे काय?"

कपडे घालून बघायच्या आडोशात ती गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, तेव्हा साडीखाली नडग्या जाडजूड दिसत होत्या. दुकानाच्या पोटमाळ्याला लोखंडी जिना होता. त्याच्या पायऱ्या ती चढली, उतरली, पुन्हा चढली. मग सगळ्यांसमोर उठाबशा काढल्यासारखी चारदा बसली-उठली. ऋषी हसणार होता, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

"हे गुडघ्यामागं चावते. दुसरं द्या."

ढालीचा जोड चालता चालता खाली घसरला. मोज्यासारखा जोड बरा वाटला, तरी तिनं मान हलवली.

"दहा मिनिटांत काय समजणार? याइले तर दोन-दोन घंटे घालून राहा लागते."

ऋषीनं जरा विचार केला आणि दाखवायला ठेवलेला त्याच मापाचा जोड पिशवीत घालून दिला. "घेऊन जा काकू. परवा आणून द्या."

दोन दिवस गोपिका ते घालून वावरली. ओट्यापुढं उभी राहिली, फरशी पुसली, इतवारीत गर्दीतून सामान घेऊन आली. संजीव कामावरून आला की तिच्या चालीकडं बघे. विचारायचा त्याला धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं त्याला हाक मारली. ती खाटेवर बसली होती आणि तिनं एक गार्ड खाली सरकवला होता. नडगीच्या हाडावर, आतली शिवण जिथं येते तिथं, बोटभर लांब लाल वळ उठला होता.

"इथं घासते," ती म्हणाली. "सकाळी नाही समजत. दुपारनंतर आग होते."

संजीव खाली बसला. त्यानं वळावरून अलगद बोट फिरवलं. तिनं पाय झटकन मागं घेतला.

"दुखते?"

"दुखते ना!"

त्यानं तेलाची वाटी आणली आणि तिच्या पायाला तेल लावत बसला. बराच वेळ. हे आपल्या पायावर उठलं असतं तर आपल्याला काही कळलं नसतं, आणि एखाद्या दिवशी त्याची जखम झाली असती. त्याचे डोळे भरून आले. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "पुरे, आता चादर तेलकट होऊन राहिली."

पुढं दुकानात तिनं शिवण बाहेरून असलेला, एक माप मोठा जोड निवडला. तोही एक दिवस घालून पाहिला, मगच तो घेतला.

रविवारी सकाळी गोरेवाड्याला चढाच्या पायथ्याशी गट जमला. गटाची पुढारी मिनल सगळ्यांच्या चाकांतली हवा बघत होती. संजीवच्या सायकलीपाशी येऊन ती म्हणाली, "वा काका, नवे गार्ड!"

"हाव. काकूनं निवडले." तो हसला. मग त्यानं सायकल झाडाला टेकवली. पोरं आजूबाजूलाच होती. त्यानं आवाज कमी केला नाही.

"मिनल, वर पोचलो की एकडाव माहे पाय पाहून देजो. मले त्याइचं काही समजत नाही."